इंजिनिअरिंगला किती विषय पेलतील? आधी आठवड्याचे तास मोजा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या संपल्या की आपल्या वस्त्यांत, विहारांत आणि व्हॉट्सॲपच्या गटांत अभिनंदनाचे फोटो फिरू लागतात. कुणाच्या घरातला पहिला इंजिनिअर होणार असतो, कुणाची मुलगी पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर शिकायला निघालेली असते. विहारात सत्कार होतो, पुष्पगुच्छ आणि बाबासाहेबांचा ग्रंथ दिला जातो. हे सगळे योग्यच आहे.

पुढे त्यातल्याच काही घरांत दीड-दोन वर्षांनी शांतता पसरते. मुलाचे चार विषय राहिलेले असतात. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. कॉलेजच्या भाषेत त्याला 'इयर डाऊन' म्हणतात, आणि घरी हा शब्द कसा सांगायचा हेच मुलाला कळत नसते. आई-वडिलांना वाटते, पोरगा बिघडला. पोराला वाटते, आपल्यात दमच नव्हता. प्रत्यक्षात त्याची वही उघडून पाहिली तर अनेकदा वेगळीच गोष्ट दिसते. त्याने नियमित विषयांसोबत मागचे राहिलेले विषय घेतलेले असतात, एक ऑनलाइन कोर्स लावलेला असतो, मित्रांचे पाहून मायनर डिग्रीला नाव दिलेले असते आणि संध्याकाळी तो कुठेतरी कामालाही जात असतो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते, आठवड्याचे तास कमी पडलेले असतात.

सत्राच्या सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत विद्यार्थी स्वतःवर किती भार घ्यायचा हे ठरवून टाकतो. आपण काही ठरवतो आहोत हेही त्याला त्या वेळी जाणवत नाही. ज्यांच्या घरात आधी कुणी इंजिनिअर झालेले आहे त्यांना कुणीतरी सांगते, "हे आत्ता नको, पुढच्या वर्षी घे." ज्यांच्या घरात असे सांगणारे कुणी नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

क्रेडिट म्हणजे काय?

आता सगळीकडे अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये मोजला जातो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमाप्रमाणे आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे 1 क्रेडिट, एक तास ट्युटोरियल म्हणजे 1 क्रेडिट, आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे 1 क्रेडिट. चार वर्षांची पदवी साधारण 160 क्रेडिटची धरली आहे. आठ सत्रांत वाटले तर एका सत्राला 20 क्रेडिट येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत काही ठिकाणी हा आकडा सत्राला 22 पर्यंत जातो.

या मोजणीत एक गोष्ट लपलेली आहे. प्रॅक्टिकलला क्रेडिट निम्मे मिळते, पण वेळ पूर्ण जातो. पाच क्रेडिटची प्रॅक्टिकल म्हणजे आठवड्याला दहा तास लॅबमध्ये. शिवाय जर्नल लिहिणे, आउटपुट चिकटवणे, सरांची सही घेणे आणि ओरलची तयारी हे सगळे वेगळेच. म्हणून 'फक्त 22 क्रेडिट' हे ऐकायला हलके वाटले, तरी वर्गात आणि लॅबमध्ये आठवड्याचे 27-28 तास सहज जातात.

168 तासांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. कॉलेजला जायला एक तास, यायला एक तास. घरून पैसे येत नाहीत म्हणून संध्याकाळी चार तास, आठवड्यातून सहा दिवस काम करतो. त्याच्या आठवड्याचा हिशेब असा होईल:

- आठवड्याचे एकूण तास: 168
- झोप, रोज 7 तास: 49. उरले 119
- जेवण, आंघोळ, कपडे, खोलीची कामे, रोज 3 तास: 21. उरले 98
- प्रवास, पाच दिवस रोज 2 तास: 10. उरले 88
- लेक्चर आणि लॅब: 28. उरले 60
- रोजचा अभ्यास आणि जर्नल: 20. उरले 40
- काम: 24. उरले 16

हे 16 तास म्हणजे त्याची सगळी मोकळीक. यात आजारपण, घरचे लग्न, सणवार, मित्र आणि फोन सगळे बसवायचे आहे. आता त्यात मायनर डिग्रीचा एक विषय घाला. लेक्चर आणि अभ्यास मिळून 8 तास गेले, उरले 8. एनपीटीईएलचा 12 आठवड्यांचा एक कोर्स घाला. व्हिडिओ आणि असाइनमेंटचे 5 तास गेले, उरले 3. कॉलेजच्या क्लबचे 5 तास घातले की हिशेब उणे 2 वर जातो.

उणे तास कुठून तरी येतातच. आधी झोपेतून येतात, मग रोजच्या अभ्यासातून, मग लेक्चर बुडवून. सत्राच्या शेवटी डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागते आणि टर्म ग्रँट होणार की नाही याची चिंता सुरू होते. या उदाहरणात मागचा एकही विषय राहिलेला धरलेला नाही. दोन बॅकलॉग असतील आणि प्रत्येकाला आठवड्याचे चार तास द्यायचे असतील, तर त्या 16 पैकी 8 तास तिथेच संपतात.

वर्गातला शेजारी मात्र कॉलेजजवळ राहतो, काम करत नाही, डबा घरून येतो. त्याच्याकडे 16 ऐवजी 40-45 तास मोकळे आहेत. त्याने दोन जादा कोर्स घेतले म्हणून आपणही घ्यावेत, ही तुलनाच चुकीची आहे. दोघांची बुद्धी सारखी असेल, पण आठवडा सारखा नाही. हा फरक सामाजिक आहे. तो मान्य करण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तो न मोजता भार उचलला तर मात्र नुकसान आपलेच होते.

"बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे"

हे वाक्य आपण सगळ्यांनी घरात ऐकलेले आहे. त्यातून प्रेरणा मिळते, पण थकलेल्या मुलाला ते आरोपासारखेही लागते. म्हणून बाबासाहेबांच्या शिक्षणाकडे नीट पाहिले पाहिजे.

1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक असे कोर्स घेतले. एकूण 60. हा भार प्रचंड होता. पण त्या यादीत जवळजवळ निम्मे कोर्स एकाच विषयाचे आहेत. बाकीचे विषय त्या मुख्य विषयाला आणि भारतीय समाजाच्या अभ्यासाला जोडलेले आहेत. दिसेल ते घेतले, असे त्यात काही नाही. त्या काळात त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि मुदत तीन वर्षांची होती. वेळ मर्यादित, पैसा मर्यादित आणि ध्येय निश्चित, अशा हिशेबातून तो भार उचललेला होता.

पुढचा भाग आपण कमी सांगतो. 1916 मध्ये ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव नोंदवले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट ठेवून परत यावे लागले. येताना त्यांनी पुढे परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे जमवले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. 1921 मध्ये एम.एससी. आणि 1923 मध्ये डी.एससी. झाली.

म्हणजे बाबासाहेबांनाही शिक्षण मध्येच थांबवावे लागले होते. ते थांबले, पण परतीचा रस्ता लेखी करून मगच. आपल्या मुलांना अठरा तासांची गोष्ट सांगताना ही तीन वर्षांची गोष्टही सांगितली पाहिजे.

सोणाची वीणा

अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरात तो लाडाकोडात वाढला होता. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतका कठोर प्रयत्न केला की चंक्रमण करताना त्याच्या पायांतून रक्त आले. इतके करूनही मन मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागत त्याच्याकडे गेले. घरी असताना तू वीणा वाजवायचास ना, असे त्यांनी विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे, हे तथागतांनी त्याला समजावले. सोणाने प्रयत्न सोडला नाही, त्याचा ताण जुळवून घेतला, आणि तो अर्हत झाला.

या कथेत सोण आळशी नव्हता. तो सर्वांत जास्त कष्ट करणारा होता आणि तोच सोडून जायला निघाला होता. आपल्याकडे इंजिनिअरिंग सोडणाऱ्यांतही असे सोण असतात. मध्यम मार्ग म्हणजे कमी मेहनत असा अर्थ कुणी घेऊ नये. तार सैल असेल तरी सूर लागत नाही. ज्याच्याकडे 40 तास मोकळे आहेत आणि जो ते फोनवर घालवतो, त्याने तार कसलीच पाहिजे. प्रत्येकाला आपली तार स्वतः तपासावी लागते.

निवड नेमकी कुठे करता येते?

"आमच्या कॉलेजात विषय ठरलेलेच असतात, आम्ही काय निवडणार?" असा प्रश्न विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतली मुले विचारतात. मुख्य विषय ठरलेले असतात हे खरे. तरीही पाच ठिकाणी निर्णय आपल्या हातात असतो.

*पहिले, ऑनर्स आणि मायनर.* मूळ पदवीच्या वर साधारण 18 ते 20 जादा क्रेडिट पूर्ण केली की पदवीवर ऑनर्स किंवा मायनरचा उल्लेख मिळतो. मेकॅनिकलच्या मुलाने डेटा सायन्सचे मायनर घेतले तर त्याचा उपयोग होऊ शकतो. पण हा भार जवळजवळ एका पूर्ण सत्राएवढा आहे आणि तो मूळ सत्रांच्या वर येतो. तो न घेतल्याने पदवी कमी दर्जाची ठरत नाही. एकही बॅकलॉग नसेल आणि आठवड्याच्या हिशेबात 10 तास खरोखर मोकळे दिसत असतील, तरच नाव द्यावे. नाव देण्याआधी विभागात विचारावे: मध्येच सोडले तर काय होते, जादा फी आहे का, आणि ती शिष्यवृत्तीत बसते का?

*दुसरे, इलेक्टिव्ह.* तिसऱ्या-चौथ्या वर्षात यादीतून विषय निवडायचे असतात. बरेच जण मित्र जो घेतील तो घेतात. निवडताना एकाच प्रकारचा भार एका सत्रात गोळा होऊ देऊ नये. गणिती विषय, ड्रॉइंग किंवा कोडिंगचा लॅबवाला विषय आणि वाचून लिहिण्याचा विषय असे मिश्रण असेल, तर परीक्षेच्या आठवड्यात श्वास घ्यायला जागा राहते. मागच्या वर्षीच्या सीनिअरकडून प्रश्नपत्रिका आणि सबमिशनची यादी मागून घ्यावी. नावावरून विषय सोपा वाटतो, सबमिशनची यादी पाहिली की खरे कळते.

*तिसरे, ऑनलाइन कोर्स.* स्वयम-एनपीटीईएलच्या कोर्सची व्हिडिओ आणि असाइनमेंट मोफत असतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत असाइनमेंटला 25 आणि परीक्षेला 75 टक्के वजन असते. कॉलेज ज्या विषयाच्या बदली हा कोर्स मान्य करते तो घेतला तर भार हलका होतो. मान्यता न विचारता घेतलेला कोर्स शिकवून जातो, पण क्रेडिट देत नाही. म्हणून नोंदणीआधी विभागातून लेखी खात्री करून घ्यावी. एका सत्रात एकच कोर्स पुरे.

*चौथे, बाहेरचे क्लास आणि परीक्षा.* जावा, पायथॉन, फुल स्टॅक, गेट, एमपीएससी, यूपीएससी या सगळ्यांच्या जाहिराती पहिल्या वर्षापासून मागे लागतात. गेटची परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते, म्हणून पहिल्या वर्षी त्यासाठी मोठी फी भरण्याची घाई नको. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे गणित आणि मूळ विषय नीट केले तर गेटचा मोठा भाग तिथेच होतो.

*पाचवे, बॅकलॉग.* हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, त्याबद्दल स्वतंत्र बोलू.

राहिलेला विषय आधी, आणि तोही क्रमाने

एटीकेटीचे नियम प्रत्येक विद्यापीठात वेगळे आहेत आणि स्वायत्त कॉलेजांचे आणखी वेगळे. आपल्या पॅटर्नचे नियम कॉलेजच्या वेबसाइटवर असतात. ते पहिल्याच महिन्यात वाचून ठेवावेत. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येते, पहिल्या वर्षाचे विषय कधीपर्यंत सुटले पाहिजेत, उन्हाळी सत्र किंवा फेरपरीक्षा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दोन-तीन विषय राहिले असतील तर मुले सहसा सोपा विषय आधी सोडवतात. त्यापेक्षा ज्याच्यावर पुढचे विषय उभे आहेत तो आधी काढावा. सिव्हिल-मेकॅनिकलमध्ये इंजिनिअरिंग मेकॅनिक्स कच्चे राहिले तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स कळत नाही, आणि ते कळले नाही तर पुढे स्ट्रक्चरल ॲनालिसिस किंवा मशीन डिझाइन अडते. कॉम्प्युटरमध्ये सी प्रोग्रामिंग कच्चे असेल तर डेटा स्ट्रक्चर्स जड जाते, आणि त्यापुढे अल्गोरिदम. इलेक्ट्रॉनिक्स-इलेक्ट्रिकलमध्ये गणित राहिले की सिग्नल्स आणि कंट्रोल सिस्टीम्स दोन्ही अंगावर येतात. पायाचा विषय राहिला असताना वर जादा कोर्स चढवणे म्हणजे पिलर न भरता स्लॅब टाकणे.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुला-मुलींनी हे विशेष लक्षात घ्यावे. लॅबमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये ते बहुतेकदा पुढे असतात. पण पहिल्या वर्षाचे गणित बाकीच्यांनी केलेले असते आणि यांना ते तिसऱ्या सत्रात एकदम भेटते. त्या सत्रात गणिताशिवाय दुसरा कुठलाही जादा भार घेऊ नये. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी पहिल्या सत्रात भाषेसाठीही तास धरावेत, कारण तेच पान वाचायला सुरुवातीला दुप्पट वेळ लागतो. तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगची मराठी पुस्तके मोफत मिळतात. संकल्पना मराठीत समजून घेऊन उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव करावा.

साधा नियम असा ठेवता येईल:

- पहिले सत्र: फक्त ठरलेले विषय. जादा काहीच नाही. निकाल पाहा.
- सगळे सुटले आणि गुण बरे आहेत: पुढच्या सत्रात एकच जादा गोष्ट.
- एक-दोन विषय राहिले: ठरलेले विषय आणि राहिलेले विषय. मायनर, क्लब, क्लास बंद.
- तीन किंवा जास्त राहिले: कामाचे तास कमी करण्याचा मार्ग शोधा आणि आपल्या मेंटॉरला किंवा जीएफएमला त्याच आठवड्यात भेटा. निकालानंतर महिनाभर तोंड लपवण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

चौथ्या आठवड्यात एकदा थांबून तपासा. दोन असाइनमेंट राहिल्या आहेत का? झोप सहा तासांच्या खाली गेली आहे का? एखाद्या विषयाचे लेक्चर सलग दोन आठवडे बुडले आहे का? तिन्हींपैकी दोन उत्तरे 'हो' असतील तर इन-सेम परीक्षेआधीच एक जादा गोष्ट सोडा. आयआयटीसारख्या संस्थांत विषय सोडण्याची ठरलेली मुदत असते, आणि मागे पडलेल्याला एका सत्रात कमी विषय घेऊन पुढे जाण्याची सोयही काही संस्था देतात. ती मुदत कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावी.

शिष्यवृत्ती आणि भार यांचे नाते

आपल्या मुलांसाठी नापास होण्याची किंमत फक्त एक वर्ष एवढीच नसते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून दरवर्षी नूतनीकरण करावी लागते आणि ती हजेरीशी व निकालाशी बांधलेली असते. शासकीय वसतिगृहातील प्रवेशही निकालावर पुढे चालू राहतो. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्यात मोठ्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. तिलाही उत्पन्नाची, गुणांची आणि हजेरीची अट आहे.

कामाचे 24 तास कमी करायचे असतील तर हीच योजना उपयोगी पडते. स्वाधारचे पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी संघटनांनी पाठपुरावा करत राहिले पाहिजे. पण अर्जच न केल्यामुळे हातचे पैसे जाऊ नयेत. अर्जाची मुदत, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र या गोष्टींना लागणारे दिवसही सत्राच्या हिशेबात धरावेत. तहसील कार्यालयाच्या फेऱ्यांत दोन लॅब बुडतात, हा आपल्या मुलांचा जादा विषयच आहे.

कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या 60 टक्के आणि एकही चालू बॅकलॉग नसणे ही अट लावतात. चार प्रमाणपत्रे आणि दोन बॅकलॉग असलेला मुलगा त्या चाळणीत पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. प्रमाणपत्र नसलेला, पण सगळे विषय सुटलेला मुलगा निदान मुलाखतीपर्यंत पोहोचतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

समाजातली मुले आता एम.एस.साठी अमेरिकेलाही जात आहेत. तिथे एका क्रेडिटमागे वर्गात एक तास आणि घरी दोन तास असा हिशेब धरतात. बहुतेक विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्राला 9 क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ समजतात. 9 क्रेडिट म्हणजे आठवड्याला 27 तास, 12 घेतले तर 36. त्यात कॅम्पसवरचे काम सत्र चालू असताना 20 तासांपर्यंत करता येते. लवकर पदवी मिळवून पैसे वाचवावेत म्हणून पहिल्याच सत्रात चार विषय घेण्याचा मोह होतो. नवा देश, नवी भाषा आणि स्वयंपाकही स्वतःचा, अशा वेळी तीन विषयांनी सुरुवात करावी. आणि एक गोष्ट विसरू नये: एफ-1 व्हिसावर पूर्णवेळेच्या खाली जायचे असेल, तर विषय सोडण्याआधी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. आधी विषय सोडला आणि मग विचारले, तर व्हिसा धोक्यात येतो.

भार कमी करूनही जमत नसेल तर

प्रत्येक अडचण तासांची नसते. वर्गात आडनाव विचारून अंतर ठेवले जाते, ग्रुपमध्ये घेतले जात नाही, ओरलला टोमणा मारला जातो, हे आजही घडते. अशा वेळी अभ्यास होत नाही आणि दोष मात्र स्वतःकडे घेतला जातो. कॉलेजात अनुसूचित जाती-जमाती कक्ष किंवा समिती असते. तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवून तिथे लेखी तक्रार करावी. मन फार खचले असेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मोफत सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. एक पदवी गेली तर पुन्हा मिळवता येते. आपण गमावलेली मुले परत आलेली नाहीत, हे समाजाने विसरू नये.

विहाराने काय करावे?

सत्कार जुलैत होतो. त्याच्या पुढच्याच रविवारी विहारात दोन तासांची बैठक ठेवता येईल. समाजातले नोकरी करणारे इंजिनिअर, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी आणि नवे प्रवेश घेतलेले एकत्र बसवावेत. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर 168 लिहून वरचा हिशेब करायला लावावा. पालकांनाही शेजारी बसवावे. आपल्या मुलाकडे आठवड्याला 16 तासच उरतात हे आईने एकदा कागदावर पाहिले, की "दिवसभर करतोस काय?" हा प्रश्न घरात कमी विचारला जाईल.

दुसरी बैठक पहिल्या सत्राच्या निकालानंतर घ्यावी. तिथे टाळ्या मिळवणाऱ्यांपेक्षा विषय राहिलेल्यांना आधी बोलवावे. ज्यांचे स्वतःचे वर्ष गेले होते आणि जे आज इंजिनिअर आहेत, त्यांनी उठून ते सांगावे. अशी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत, फक्त त्यांना ते सांगायला आपण कधी बोलावलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या रविवारी कागद घ्या आणि आपला आठवडा लिहा. शेवटी उरलेल्या तासांत जेवढे बसेल तेवढेच या सत्राला घ्या. बाकीचे पुढच्या सत्रासाठी त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.

जयभीम!